डाव्या हाताने काढलेलं घड्याळ

अर्धांगाच्या झटक्यातून सावरणाऱ्या माणसाची विचारशक्ती तपासायची वेळ आली की त्याच्यापुढे हमखास एक कोरा कागद आणि पेन्सिल येते. ‘एक मोठं गोल घड्याळ काढा. त्यात सगळे आकडे घाला. आता काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावा.’ अडचण अशी, की झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला असेल तर उजवा हात लुळा पडलेला असतो. ज्या हाताने जन्मभर सह्या केल्या तो मांडीवर निपचित, आणि पेन्सिल डाव्या हातात. मग कागदावर वेडंवाकडं वर्तुळ आणि थरथरते आकडे उमटतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या पोटात गोळा येतो. बाबांचं डोकं गेलं की काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र रेघेच्या सुबकपणात शोधायचं नसतं. तसं शोधलं तर फसगत होते, आणि तीही दोन्ही बाजूंनी.

घड्याळ काढणं वरवर पोरखेळ वाटतं. पण त्यात मेंदूला काय काय करावं लागतं ते बघा. ऐकलेली सूचना समजून घ्यायची आणि काम संपेपर्यंत लक्षात ठेवायची. समोर घड्याळ नसताना त्याचं चित्र आठवायचं. वर्तुळात बारा आकडे बसवायचे, म्हणजे जागेचा अंदाज आधीच घ्यायचा. बरेच जण त्यासाठी १२, ३, ६, ९ आधी टाकून घेतात. जे एकापासून सुरू करून ‘होईल तसं होईल’ म्हणत जातात, त्यांचे बारा आकडे पाऊण वर्तुळातच संपतात किंवा शेवटी दाटीवाटी होते. मग काटे. इथे या चाचणीची खरी गंमत आहे. ‘अकरा वाजून दहा’ ही वेळ उगाच निवडलेली नाही. मिनिटकाटा २ वर न्यायचा असतो, पण कानावर ‘दहा’ पडलेलं असतं आणि डोळ्यांपुढे १० चा आकडा असतो. मेंदूच्या पुढच्या भागाचा लगाम सैल झाला असेल तर हात त्या १० कडे ओढला जातो आणि एक काटा १० वर, दुसरा ११ वर असं चित्र तयार होतं. ‘सव्वा अकरा’ किंवा ‘पावणेबारा’ विचारलं असतं तर हा सापळा लागलाच नसता. त्यामुळे तपासणाऱ्याने वेळ स्वतःच्या सोयीने बदलू नये.

या सगळ्यात हाताचं काम अगदी शेवटचं. चाचण्या तयार करणाऱ्यांना याची जाणीव होती. फोल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली ‘मिनी मेंटल’ चाचणी आपल्याकडच्या दवाखान्यांतही वर्षानुवर्षं वापरली जाते. तिच्यात एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे असतात. गुण देण्याचा नियम असा: दहाही कोन हवेत, आणि दोन आकृत्या एकमेकींना छेदायला हव्यात. हाताची थरथर आणि आकृती तिरकी होणं, दोन्हींकडे दुर्लक्ष करा. हे नियमातच लिहिलेलं आहे. माँट्रियलचे झियाद नासरेद्दीन यांनी २००५ साली मांडलेल्या ‘मोका’ चाचणीत एकूण ३० गुण असतात, त्यांपैकी घड्याळाला ३: वर्तुळाचा एक, आकड्यांचा एक, काट्यांचा एक. वर्तुळ नीट जुळलं नाही, टोकं जराशी सुटली, तरी चालतं. आकडे सगळे आहेत का, क्रमाने आणि साधारण आपापल्या जागी आहेत का, तासकाटा मिनिटकाट्याहून आखूड आहे का, काटे मध्याच्या आसपास जुळतात का, एवढंच बघायचं. चित्रकलेच्या तासाला गुण कापणाऱ्या मास्तरांची इथे गरज नाही.

गांधीजी नोव्हेंबर १९०९ मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ बोटीने लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतत होते. त्या प्रवासात त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहून काढलं. उजवा हात दुखायला लागला की ते डाव्या हाताने लिहायचे. हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकी सुमारे ४० पानं डाव्या हाताची आहेत. तिथलं अक्षर वेगळं दिसतं, पण युक्तिवादाची धार तीच आहे. रेघ एका यंत्रणेतून येते आणि तिच्यामागचा बेत दुसऱ्या, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. सुदृढ माणसाने दुसऱ्या हाताने घड्याळ काढलं तर ते कुरूप होईल, वेळही जास्त लागेल, पण ११ च्या जागी ४ येणार नाही.

मग हाताने काहीच फरक पडत नाही का? पडतो. पण तो कुठे, हे कळायला आधी एका विचित्र रुग्णाची गोष्ट ऐकावी लागेल.

डब्ल्यू. जे. यांचा डावा हात

शास्त्रीय लेखनात त्यांचा उल्लेख नेहमी डब्ल्यू. जे. असाच येतो. दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक. डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर त्यांना अपस्माराचे इतके झटके येऊ लागले की औषधं थकली. १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये जोसेफ बोगन आणि फिलिप व्होगेल या शल्यविशारदांनी त्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा कापला. झटके आटोक्यात आले. मात्र आता डाव्या अर्धगोलाला उजव्याचं काही कळेना, आणि उजव्याला डाव्याचं. रॉजर स्पेरी आणि त्यांचा विद्यार्थी मायकल गॅझानिगा यांनी मग त्यांच्यावर एकामागून एक प्रयोग केले. या प्रकारच्या संशोधनासाठी स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं.

डब्ल्यू. जे. उजव्या हाताचे होते. उजवा हात चालवतो मेंदूचा डावा भाग आणि डावा हात चालवतो उजवा, कारण हालचालीच्या मज्जातंतूंचा मोठा हिस्सा खाली उतरताना बाजू बदलतो. शस्त्रक्रियेनंतरही त्यांना उजव्या हाताने लिहिता येत होतं, डाव्याने नाही. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण घनाचं चित्र समोर ठेवून ‘हे बघून काढा’ म्हटल्यावर सगळं उलटं झालं. उजव्या हाताने तुटक, एकमेकांशी नातं नसलेल्या रेघा काढल्या. डाव्या हाताने मात्र ओबडधोबड का होईना, खोली असलेला घन काढला. रंगीत ठोकळे जुळवून नमुना तयार करायचा होता, तिथेही तेच: उजवा हात अडखळत राहायचा आणि डावा हात मध्येच घुसून काम करू पाहायचा.

याचा अर्थ असा, की आपण ज्याला ‘चांगला हात’ म्हणतो तो लिहिण्यात चांगला असतो. आकृतीची जागा, खोली, एका भागाचं दुसऱ्याशी नातं हे जाणणारी यंत्रणा बहुतेक उजव्या हाताच्या माणसांत मेंदूच्या उजव्या बाजूला जास्त भरभक्कम असते. धडधाकट माणसात दोन्ही बाजूंचं सतत बोलणं चालू असल्यामुळे उजवा हातही सुखाने घन काढतो. तो पट्टा तुटला तेव्हा कुणाचं किती श्रेय होतं ते उघडं पडलं. (‘उजवा मेंदू कलाकाराचा, डावा हिशेबनिसाचा’ अशा पोस्ट याच संशोधनाचं बोट धरून फिरतात. त्यांचा आणि या संशोधनाचा संबंध फार लांबचा आहे.)

आता पुन्हा अर्धांगाच्या रुग्णाकडे येऊ. समजा दोन आजोबा आहेत, दोघेही उजव्या हाताचे. पहिल्यांना झटका डाव्या अर्धगोलात आला. उजवा हात गेला, बोलणंही अडखळतं, कारण भाषेची केंद्रं बहुतेकांत डावीकडे असतात. ते डाव्या हाताने घड्याळ काढतात. रेघा भयंकर, तपशील कमी, पण आकड्यांची मांडणी बऱ्यापैकी शाबूत. दुसऱ्यांना झटका उजव्या अर्धगोलात, मागच्या-वरच्या भागात आला. डावा हात गेला, उजवा ठणठणीत. बोलणं स्वच्छ, वर्तुळ गरगरीत, आकडे वळणदार. पण सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले आणि डावी बाजू रिकामी! आणि त्यांना त्यात काही चुकलंय असं वाटतही नाही.

या दुसऱ्या प्रकाराकडे घरच्यांचं लक्ष सहसा उशिरा जातं. आजोबा छान बोलतात, सही पूर्वीसारखी करतात, मग काळजी कसली? पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी एकाच गालाची होते, चालताना डावा खांदा चौकटीवर आदळतो. डोळे व्यवस्थित असतात. जगाची डावी बाजू मेंदूच्या हिशेबातूनच गळालेली असते. एदोआर्दो बिस्याक आणि क्लाउदिओ लुत्सात्ती यांनी १९७८ साली अशा दोन रुग्णांबद्दल लिहिलं. दोघेही इटलीतल्या मिलानचे, तिथला कॅथेड्रलसमोरचा चौक त्यांच्या पायाखालचा. त्यांना सांगितलं, डोळ्यांपुढे चौक आणा, तुम्ही कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं? त्यांनी उजव्या बाजूच्या इमारती भराभर सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या दारात उभे राहून चौकाकडे बघताय अशी कल्पना करा. आता त्यांनी मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या, कारण त्या उजवीकडे आल्या होत्या, आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या! म्हणजे आठवण शाबूत होती, तिच्या डाव्या अर्ध्याकडे वळणं जमत नव्हतं. यात ना डोळ्यांचा संबंध, ना हाताचा.

म्हणून सुबक रेघ पाहून निर्धास्त होणं हे वेड्यावाकड्या रेघेला घाबरण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे, असं मला वाटतं.

पहिल्या आजोबांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. त्यांचं घड्याळ बिघडलं तर ते सूचनाच न कळल्यामुळेही असू शकतं, कारण भाषेलाच धक्का बसलेला असतो. यासाठी अनुभवी तपासनीस चाचणी दोनदा घेतात: एकदा तोंडी सांगून, एकदा तयार घड्याळाचं चित्र पुढे ठेवून ‘हे असंच काढा’ म्हणून. सांगून जमत नाही पण बघून जमतं, तर हात आणि नजर ठीक आहेत, बिघाड भाषेत, आठवणीत किंवा आखणीत शोधायचा. अल्झायमरच्या सुरुवातीला पुष्कळदा हेच दिसतं. बघूनही जमत नाही, तर प्रश्न जागेच्या जाणिवेचा असण्याची शक्यता वाढते. एकच कागद बघून निदान सांगणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं.

उजव्या हाताचे म्हणजे नक्की कोण?

आतापर्यंत ‘उजव्या हाताचे’ असं ठोकून बोललो. प्रत्यक्षात हात हा डावा की उजवा अशा दोन खणांत बसत नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी, गोलंदाजी उजव्या हाताने करायचा, पण सही डाव्या हाताने करतो. त्याला कुठल्या खणात टाकणार?

यासाठी सर्वात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली एडिंबराची. ओल्डफिल्ड यांनी ती १९७१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात दहा कामं आहेत: लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, टूथब्रश, काट्याशिवाय नुसती सुरी, चमचा, झाडू (वरचा हात कुठला?), काडी ओढणं, डब्याचं झाकण उघडणं. यादी वाचतानाच लक्षात येतं की ही स्कॉटलंडच्या घरातली आहे. उंच दांड्याचा झाडू दोन हातांनी धरतात, म्हणून ‘वरचा हात’. आपली केरसुणी एका हातात मावते. आणि चमच्याचं विचाराल तर आपल्याकडे जेवणाचा हात निवडण्याची मुभाच कुठे असते? पंगतीत डावा हात पानात गेला की आजीची नजर आलीच. देवाचा प्रसाद उजव्या हाताने घे, पैसे उजव्या हाताने दे. एका पिढीत तर डावखुऱ्या पोरांच्या बोटांवर पट्टी मारून पेन्सिल उजव्या हातात दिली जायची. तेच लोक आज सत्तर-ऐंशीचे आहेत आणि स्मृतिभ्रंशाच्या तपासणीला येतात. कागदावर त्यांची नोंद ‘उजव्या हाताचे’ अशी होते, कारण विचारलेला प्रश्न असतो ‘लिहिता कुठल्या हाताने?’ ते खरं उत्तर देतात. पण नारळ फोडताना, दगड मारताना, खिळा ठोकताना त्यांचा कुठला हात पुढे येतो, ते कुणी विचारत नाही.

जगभरातल्या वीस लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०२० साली झालेल्या विश्लेषणात डावखुऱ्यांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं. मेंदूच्या दृष्टीने यात महत्त्वाचं काय? २००० साली स्टेफान क्नेश्ट आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत निरोगी माणसांमध्ये भाषेची बाजू तपासली. पक्क्या उजव्या हाताच्या लोकांत भाषा उजव्या अर्धगोलात असल्याचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, दोन्ही हात सारखे चालणाऱ्यांत १५, आणि पक्क्या डावखुऱ्यांत २७ टक्के. म्हणजे बहुसंख्य डावखुऱ्यांचीही भाषा डावीकडेच असते. ‘डावखुऱ्यांचा मेंदू उलटा’ ही समजूत खोटी आहे. पण प्रत्येक चारातल्या एकाच्या बाबतीत ती लागू पडू शकते, आणि आपल्यासमोर बसलेला तो कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही. मूळच्या डावखुऱ्या माणसाचं घड्याळ बिघडलं तर ‘आकडे अमुक बाजूला, म्हणजे जखम तमुक बाजूला’ हा पुस्तकी हिशेब जरा हात राखूनच करावा लागतो.

कागदाचीही एक साधी अडचण आहे. डावखुरा माणूस डावीकडून उजवीकडे लिहितो तेव्हा त्याचा हात आत्ताच काढलेल्या भागावरून फिरतो. बघून काढायची आकृती डावीकडे छापलेली असेल तर ती मनगटाखाली झाकली जाते. दर वेळी हात उचलून बघायचं म्हणजे वेळ जातो, आणि वेळेचे गुण असतील तर ते उगाच कापले जातात. वेक्स्लर बुद्धिमापन चाचणीत आकड्यांखाली खुणा भरण्याचा एक भाग असतो. कुठल्या आकड्याला कुठली खूण, हे दाखवणारा तक्ता वर छापलेला असतो. डावखुऱ्याचा हात तो तक्ता झाकत असेल तर दुसरी पुस्तिका त्याच्या उजवीकडे ठेवायची सोय नियमातच आहे. इतर चाचण्यांत ही काळजी तपासणाऱ्याने स्वतःहून घ्यायची.

आडव्या रेघेचा मध्य दाखवण्याच्या चाचणीत हाताचा परिणाम थेट मोजता येतो. निरोगी माणसंसुद्धा मध्य किंचित डावीकडे दाखवतात, आणि डाव्या हाताने खूण केली तर थोडं आणखी डावीकडे. फरक बारीक असतो, पण कुठला हात वापरला याची नोंद नसेल तर तो रुग्णाच्या खात्यावर जमा होतो.

आणि ज्यांनी पेन्सिलच धरली नाही?

आपल्याकडे हा प्रश्न डाव्या-उजव्याहून मोठा आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीला घन काढायला सांगणं म्हणजे तिचा मेंदू नव्हे, तिच्या काळातली गावची शाळा तपासणं. तीच आजी दारात चिमटीतून रांगोळी सोडत एकवीस ठिपक्यांची नक्षी चारही बाजूंनी सारखी काढते. जागेची जाण तिच्यात नाही असं कोण म्हणेल? ‘मोका’ चाचणीत बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून देतात. अजिबात न शिकलेल्या माणसासाठी तो एक गुण म्हणजे दर्या में खसखस.

हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांमध्ये नव्वदच्या दशकात भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून वृद्धांची पाहणी केली. तेव्हा मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ‘मिनी मेंटल’चं नुसतं भाषांतर केलं नाही, निरक्षर माणसालाही न्याय मिळेल असं नवं हिंदी रूप तयार केलं. वाक्य लिहून दाखवण्याऐवजी बोलून दाखवायचं, वगैरे. पुढे देशभर झालेल्या ‘लासी-डॅड’ या मोठ्या अभ्यासातही हे हिंदी रूप वापरलं गेलं. साठीवरच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, हा आकडा त्याच अभ्यासाचा. इतक्या लोकांची प्राथमिक चाळणी करायची तर कागद-पेन्सिलीला पर्याय नाही, म्हणून तर ती नीट वापरली पाहिजे.

नीट वापरणं म्हणजे काय, याचा धडा बॉस्टनच्या एडिथ कॅप्लन यांनी घालून दिला. त्यांचं म्हणणं असं, की शेवटी कागदावर काय उरलं यापेक्षा ते कसं घडलं ते बघा. गुंतागुंतीची आकृती काढायला देताना ठरावीक टप्प्यांवर रुग्णाच्या हातातली रंगीत पेन्सिल बदलत गेलं की नंतर रंगांवरून क्रम वाचता येतो: आधी बाहेरची चौकट की एका कोपऱ्यातला तपशील? आता हेच काम डिजिटल पेन करतं. पेन कागदावर किती वेळ टेकलं आणि किती वेळ हवेत थांबलं, दोन्ही वेगवेगळं मोजता येतं. अनोळखी हाताने काढणाऱ्याची रेघ सावकाश पुढे सरकते. विचार अडलेल्याचं पेन मात्र आकड्यांच्या मध्ये थबकतं. साध्या डोळ्यांना दोघेही ‘हळू’ दिसतात.

रेघच वाचायची अशीही एक चाचणी आहे, तिची गल्लत करू नये. हात कापतो म्हणून डॉक्टर गोल गोल फिरत जाणारी वेटोळी काढायला सांगतात, दोन्ही हातांनी, आळीपाळीने. तिथे थरथर हाच पुरावा असतो. पार्किन्सनमध्ये अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं, तेही रेघेतच सापडतं. अशा रुग्णाचं घड्याळ इवलंसं निघालं तर तो विसरभोळेपणा नव्हे.

आई-वडिलांना अशा तपासणीला नेणार असाल तर काही गोष्टी आपणहून सांगा. लहानपणी हात बदलवला होता का, घरात डावखुरे कोण कोण आहेत, खांदा किंवा मनगट दुखतं का, शाळा किती झाली, शेवटचं पेन कधी धरलं होतं. चष्मा विसरू नका. तपासणी चालू असताना ‘अहो बाबा, डावीकडे बघा ना’ असं सुचवू नका, तेवढ्याने सगळी चाचणी वाया जाते. कागदाच्या कोपऱ्यात कुठल्या हाताने काढलं ते लिहिलेलं नसेल तर लिहायला सांगा. सहा महिन्यांनी पुन्हा काढायला लावतील तेव्हा हा कागद शेजारी ठेवून बघितला जाईल, आणि तोवर फिजिओथेरपीने उजवा हात परत चालू लागलेला असू शकतो.

घरच्या घरी, मोबाइलवर आलेला नमुना बघून, जेवणाच्या टेबलावर आईकडून घड्याळ काढून घेण्याचा उद्योग मात्र करू नये. बिघडलं तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि तुम्ही काय बघताय ते आईला बरोबर कळतं.